श्रावणांतील एक फळी

श्रावण लागला कीं आमच्या घरीं माळ्यावरून दोन वस्तु खालीं उतरतात. ओले कपडे वाळत घालावयाच्या जादा दोऱ्या ही एक, व कहाण्यांचें जुनें पुस्तक ही दुसरी. दोऱ्या पावसाळाभर उपयोगी पडतात. पुस्तकाला मात्र महिन्याचेंच आयुष्य असतें. शुक्रवारीं जिवतीची पूजा झाली म्हणजे घरांतील बायकामंडळी हातांत अक्षता घेऊन बसतात. एकजण कहाणी वाचते व बाकीच्या ऐकतात. कहाणी सर्वांस तोंडपाठ असते. राणीला पुढें काय भोगावें लागणार, म्हातारी कोणत्या रूपानें दारीं येणार, हें पांच वर्षांच्या मुलीलाहि ठाऊक असतें. तथापि ऐकण्याचा कंटाळा कोणास आलेला आम्हीं कधीं पाहिला नाहीं. आपल्यासारख्याच कोणा बाईवर आलेलें संकट आणि तिनें त्यांतून काढलेली वाट ऐकावयास मिळते, हेंच ह्या गोडीचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

हा विचार सुचण्याचें निमित्त आमच्या गांवच्या वाचनालयांत यंदाच्या श्रावणांत घडलेली एक लहानशी गोष्ट होय. ती वाचकांच्या कानीं घालावी, व तिच्या आधारानें चातुर्मासाच्या उरलेल्या दिवसांत घरोघर वाचण्याजोग्या कांहीं ग्रंथांची शिफारस करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बाद होणाऱ्या पुस्तकांची यादी

आमचें वाचनालय कोंकणांतील इतर वाचनालयांसारखेंच आहे. कौलारू इमारत, पुढें ओटी, ओटीवर वर्तमानपत्रें वाचणाऱ्या पेन्शनरांची बैठक, आंत देवघेवीचें टेबल आणि त्याच्या मागें कपाटें. पावसाळ्यांत मागची भिंत पाझरते. गेल्या वर्षीं ती इतकी पाझरली कीं चार कपाटें पुढें ओढावीं लागलीं व आंत चालावयास वाट उरली नाहीं. तेव्हां कार्यकारी मंडळानें असा ठराव केला कीं, जीं पुस्तकें दहा वर्षांत एकदांहि कोणीं नेलीं नाहींत तीं बाद करावीं आणि जागा मोकळी करावी. सरकारी भाषेंत ह्याला निर्लेखन म्हणतात. साध्या भाषेंत सांगावयाचें तर तीं रद्दीवाल्याच्या तराजूंत घालावयाचीं.

मंडळास नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. कपाट, भिंत आणि शिल्लक ह्या तिहींकडे पाहून निर्णय घेणारे लोक पुस्तकांचे वैरीच असतात असें नाहीं. कसर लागलेलीं, पानें गळालेलीं, एकाच कादंबरीच्या चार चार प्रती झालेलीं पुस्तकें केव्हां तरी काढावींच लागतात. परंतु जें पुस्तक कोणीं नेलें नाहीं तें कोणास नकोच होतें, हा निष्कर्ष कितपत खरा, हा प्रश्न उरतो. आणि यादी लिहितां लिहितां तोच आमच्या ग्रंथपाल बाईंच्या मनांत उभा राहिला.

यादींत आनंदीबाई कर्वे ह्यांचें 'माझें पुराण' हें लहानसें पुस्तक निघालें. आंतल्या पानावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के होते. त्यांतील अखेरचा पंचवीस वर्षांपूर्वींचा. नांव लिहून घेण्याआधीं दोन पानें चाळावीं म्हणून बाईंनीं तें उघडलें, आणि वाचनालय बंद करण्याची वेळ टळून गेली तरी त्या वाचीतच बसल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मंडळापुढें एक मागणी ठेवली. यादी महिनाभर थांबवावी. तिच्यांतील एका विषयाचीं पुस्तकें निवडून दाराजवळच्या फळीवर मांडूं द्यावीं. त्यांना साजेशीं नवीं पुस्तकें शेजारीं ठेवूं द्यावीं. आणि महिन्यांत ज्याला कोणी हात लावणार नाहीं तें खुशाल बाद करावें. मंडळानें हें मान्य केलें. श्रावण शुद्ध प्रतिपदेस दाराशीं फळी लागली व तिच्यावर खडूनें लिहिलेली पाटी टांगली गेली: 'श्रावणांतील नव्या कहाण्या, बायकांनीं स्वतः सांगितलेल्या.'

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक

रंगनाथन् हे मद्रासेस गणिताचे अध्यापक होते. ते पुढें ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या जयंतीनिमित्त १२ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. पुस्तकें उपयोगासाठीं आहेत, हें त्यांचें पहिलें सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें हें दुसरें, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हें तिसरें, वाचकाचा वेळ वांचवावा हें चवथें, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी वस्तु आहे हें पांचवें. आमच्या मंडळानें पहिल्या व पांचव्या सूत्राचा आधार घेतला. जें वापरांत नाहीं तें काढावें व वाढीला जागा करावी. ग्रंथपाल बाईंनीं तिसऱ्याचा आधार घेतला. पुस्तकाला वाचक मिळाला नसेल तर तो आधीं शोधून पाहावा, मग पुस्तकाचा निकाल लावावा.

कपाटांची नेहमींची मांडणी ह्या शोधाला अनुकूल नसते, हें लक्षांत घेतलें पाहिजे. आमच्याकडे चरित्रांचें कपाट आडनांवांच्या अनुक्रमानें लावलेलें आहे. त्यांत पार्वतीबाई आठवले अगदीं आरंभीं येतात आणि आनंदीबाई कर्वे दोन खण सोडून पुढें. ह्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, हें त्या कपाटाकडे पाहून कोणास समजावें? विषयवार फळीनें अकारविल्हेमुळें ताटातूट झालेल्या त्या दोघींची पुन्हां गांठ घालून दिली.

दुसरी अडचण जुनी आहे. आपल्या प्रांतांत वाचनालयें कांहीं आजकालचीं नव्हेत. रत्नागिरीस १८२८ सालीं, पणजीस १८३२ सालीं, नाशिकास १८४० सालीं, पुण्यास १८४८ सालीं वाचनालय निघालें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. तें स्थापन करणाऱ्यांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे प्रमुख होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ ऑगस्ट १८९८ रोजीं झाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतलें, आणि पुढें तेथून लांकडी पेट्यांत भरलेलीं पुस्तकें खेडोपाडीं फिरूं लागलीं. महाराष्ट्र राज्यानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हा सर्व इतिहास अभिमानाचा आहे. परंतु ह्या दीर्घ काळांत घरांतील स्त्रीकडे पुस्तक बहुधा घरांतील पुरुषाच्या पिशवींतून आलें. जें त्यानें उचललें तें तिनें वाचलें. जें त्यानें उचललें नाहीं तें तिच्यापुरतें वाचनालयांत नव्हतेंच. पुस्तकाच्या चिठ्ठीवर शिक्का नसला तर त्याचें कारण पुष्कळदां हें असतें.

फळीवरील ग्रंथ

फळीवर पहिलें पुस्तक होतें रमाबाई रानडे ह्यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी.' तें १९१० सालीं प्रसिद्ध झालें व त्याला नामदार गोखल्यांची प्रस्तावना आहे. रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रें येथें झाला. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या न्यायमूर्तींच्या घरीं आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळखहि नव्हती. पतीनें त्यांना शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष ओढवला. दिवसा टोमणे व अबोला, रात्रीं पुस्तक, अशा दुहेरी संसाराचें जें वर्णन त्यांनीं केलें आहे त्यांत कोठेंहि आदळआपट नाहीं. पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण व त्यानंतरचें प्रायश्चित्त ह्यांसारखा नाजूक प्रसंगहि त्यांनीं झांकून ठेवला नाहीं. पुढें १९०९ सालीं पुण्यास ज्यांनीं सेवासदन उभारलें त्या बाईची घडण कोणत्या स्वयंपाकघरांत झाली हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं हें पुस्तक आधीं घ्यावें. एकत्र कुटुंबांत तें मोठ्यानें वाचण्यासारखें आहे. मात्र वाद होईल ही तयारी ठेवावी.

आमच्याकडे तो झालाच. न्यायमूर्तींनीं घरांतील वडील बायकांना एका शब्दानेंहि दुखविलें नाहीं, पत्नीला सहनशीलतेचा उपदेश केला, ह्याबद्दल आमचे थोरले बंधु फार कौतुकानें बोलत होते. तेव्हां पुतण्याची बायको, जी एरवीं त्यांच्यासमोर मोजकेंच बोलते, ती म्हणाली, "पण काका, रात्रीं शिकवायचं आणि दिवसा तिला एकटीला बोलणीं खाऊं द्यायचीं, हा न्याय कुठला? न्यायमूर्ति तर ते होते." बंधूंनीं चष्मा काढून पुसला. "तूं म्हणतेस तें खरं असेल," ते म्हणाले, "पण त्या घरांत शिकवायचं म्हणजे तेवढंच धाडस पुष्कळ होतं." वाद मिटला नाहीं. परंतु सासरे व सून ह्यांच्यामध्यें एवढें सरळ बोलणें त्या घरांत प्रथमच झालें असावें, आणि तें एका शंभर वर्षांहून जुन्या पुस्तकानें घडवून आणलें.

त्यानंतर त्या दोन बहिणी. देवरूखच्या जोशांच्या घरची गोदू आठव्या वर्षीं विधवा झाली. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें तेव्हां तेथें शिकावयास आलेल्या विधवांत ती पहिली. १८९३ सालीं तिचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह झाला, ती आनंदीबाई झाली, आणि पतीच्या मुरुड गांवानें ह्या जोडप्यावर बहिष्कार घातला. 'माझें पुराण' १९४४ सालीं निघालें. त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे ह्यांनीं तें संपादिलें. अण्णासाहेब कर्व्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालचें आहे. आमची शिफारस अशी कीं, हीं दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचावीं. आत्मवृत्तांत संस्था कशी वाढली तें दिसतें. पुराणांत त्या संस्थेसाठीं सर्वस्व देणाऱ्या माणसाच्या घरीं महिनाअखेर कशी निघत असे तें दिसतें. दोन्ही चित्रें खरीं आहेत, आणि एक पाहिल्याखेरीज दुसरें पुरतें समजत नाहीं.

धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षीं विधवा झाली, पदरीं मूल होतें. ती कर्व्यांच्या आश्रमांत आली, आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत गांवोगांव हिंडली, आणि १९१८ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकण्यासाठीं व संस्थेला मदत मिळविण्यासाठीं एकटी अमेरिकेस गेली. तेथें तिनें लोकांच्या घरीं घरकाम करून पोट भरलें. १९२० सालीं ती परत आली. तिची 'माझी कहाणी' १९२८ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९३० सालीं जस्टिन अबट ह्यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें. पाण्याचा हंडा भरण्यापासून समुद्र ओलांडण्यापर्यंतचा हा प्रवास कोणत्याहि कादंबरीस हार जाणार नाहीं.

ह्या दोघींनीं आपल्या पुस्तकांना दिलेल्या नांवांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधूं इच्छितों. एकीनें 'पुराण' म्हटलें, दुसरीनें 'कहाणी'. देवळांत पुराणिकबुवांनीं सांगावें व बायकांनीं वाती वळीत ऐकावें, तें पुराण. श्रावणांत बायकांनीं बायकांना सांगावी ती कहाणी. जन्मभर ज्या दोन गोष्टी ऐकावयाच्याच असतात असें त्यांना शिकविलें गेलें, त्याच दोन गोष्टी त्यांनीं स्वतः सांगावयास घेतल्या. फळीवरच्या पाटीचा अर्थ आम्हांस ह्या नांवांवरून उमगला.

त्या फळीवर ताराबाई शिंदे ह्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंधहि होता. तो आत्मचरित्र नव्हे, परंतु ग्रंथपाल बाईंनीं तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून ठेवला होता. बुलढाण्याच्या ह्या बाईनें तो १८८२ सालीं छापविला. पुढें नव्वद वर्षें तो जवळजवळ विस्मरणांत गेला, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे ह्यांनीं पुन्हां प्रसिद्ध केला. आज स्त्रीविषयक विचाराचा इतिहास त्याच्यावांचून कोणी लिहीत नाहीं. दहा वर्षांचा नियम सर्वत्र लावला असता तर नव्वद वर्षांनीं छापावयास प्रत कोठून मिळाली असती?

सोंवळ्याच्या दोन बाजू

आतां उरलेल्या पुस्तकांविषयीं. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांत निघालीं. चवथा भाग त्यांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनीं पुरा केला. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोंवळे होते कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरांत येत नसे. त्या सोंवळ्याची लेकीनें केलेली थट्टा वाचून आमच्या घरांतील सोंवळ्यांतल्या बायकाहि पदर तोंडाला लावून हंसल्या. अकराव्या वर्षीं लग्न, पति कवि, लहरी व उदार. आणि १८९५ सालीं तो पति ख्रिस्ती झाला. तेथून पुढें काय झालें तें आम्ही आतांच सांगत नाहीं; त्याचें कारण पुढें येईल.

ह्या पुस्तकाच्या अगदीं शेजारीं ग्रंथपाल बाईंनीं बेबी कांबळे ह्यांचें 'जिणं आमुचं' ठेवलें होतें. तें १९८२ सालीं 'स्त्री' मासिकांत क्रमशः आलें व १९८६ सालीं पुस्तकरूपानें निघालें. बेबीताई फलटणास लहानसें दुकान चालवीत. मालाच्या पुड्या बांधावयाच्या रद्दी कागदांवरील मजकूर वाचीत त्यांनीं वाचनाची भूक भागविली, आणि घरच्यांपासून लपवून आपल्या महारवाड्याची हकीकत लिहून ठेविली. लक्ष्मीबाईंच्या घरांत जें सोंवळें आंतून दिसतें तेंच येथें उंबरठ्याच्या बाहेरून दिसतें, आणि आंतून पाहतांना आलेलें हंसूं येथें ओठांवर राहत नाहीं. तरीहि लेखिकेनें आपल्या समाजाला सूट दिलेली नाहीं. तेथील सुनांचा सासूंकडून होणारा छळ तिनें तितक्याच कठोरपणें नोंदविला आहे. तिसरें पुस्तक उर्मिला पवार ह्यांचें 'आयदान', २००३ सालचें. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळे गांवची. बांबूच्या टोपल्या विणणारी तिची आई, ती वीण, आणि मुलीचें लिहिणें ह्यांचा धागा त्या नांवांत आहे. देवरूख व फणसवळे एकाच जिल्ह्यांत. एका जिल्ह्यांतील तीन बायकांचीं हीं तीन पुस्तकें शेजारीं शेजारीं पाहून आमच्या वहिनी म्हणाल्या, "इतकीं वर्षं आपण अक्षता हातांत घेऊन बसतों, पण ह्या कहाण्या आपल्या माजघरापर्यंत आल्याच नाहींत." ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरीं तें शोधावें.

आत्याबाईंचें अर्धें पुस्तक

आमच्या आत्याबाई आज चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. दृष्टि मंदावली आहे, स्मरण मात्र लख्ख आहे. ह्या महिन्यांत रात्रीं जेवणें झालीं कीं माजघरांत आळीपाळीनें वाचन चालत असे. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत. एके रात्रीं 'स्मृतिचित्रें' सुरूं झालें आणि थोड्या वेळानें त्या वाचणारीच्या पुढचें वाक्य पुटपुटूं लागल्या. "हें वाचलं आहे मी," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण अर्धंच."

हकीकत अशी निघाली. त्यांचें लग्न होऊन वर्ष झालें नव्हतें. सासरीं वाचनालयाची वर्गणी मामंजींच्या नांवावर होती व पुस्तकें त्यांच्या पिशवींतून येत. तें पुस्तक असेंच आलें. दुपारीं निजानीज झाली कीं आत्याबाई तें वाचीत. टिळकांनीं धर्म सोडला तेथपर्यंत त्या आल्या आणि त्याच दिवशीं मामंजींच्या दृष्टीस तें पान पडलें. ते रागावले नाहींत. "असलीं पुस्तकं सुनांच्या हातीं नसावींत," एवढेंच सासूबाईंना सांगून ते दुसऱ्या दिवशीं तें परत देऊन आले, आणि त्याबदलीं एक पौराणिक कादंबरी घेऊन आले. "माणूस वाईट नव्हता रे," आत्याबाई म्हणाल्या. "त्यांनीं मला कधीं उणा शब्द बोलला नाहीं. पण ती बाई तशी एकटी, नवरा गेलेला, मूल लहान, आणि मी तिला तिथंच सोडून आलें असं मला कितीतरी दिवस वाटत होतं."

"मग पुढें कधीं मागितलं नाहींत?" सूनबाईंनीं विचारलें.

"कुणाकडे मागायचं? पुढें मुलं झालीं, दिवस गेले. वाचनालयांत जायला लागलें तोंवर साठी उलटली होती. तिथं नांव सांगून, यादींत बघून पुस्तक मागायचं, तें जिभेवर येईना. दाराशीं मांडलेलं दिसलं असतं तर उचललं असतं." आणि मग अगदीं हळू आवाजांत त्यांनीं विचारलें, "आलीं का रे तीं पुन्हां एकत्र?"

आम्हांस उत्तर ठाऊक होतें. परंतु साठाहून अधिक वर्षें जपलेल्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देणें बरें वाटलें नाहीं. त्या रात्रीपासून माजघरांतील बाकीचीं वाचनें थांबलीं व तेवढें एकच पुस्तक चालूं राहिलें. पहिल्या प्रकरणांतील विनोदाला सगळीं हंसलीं. मग तो गंभीर भाग आला, लक्ष्मीबाईंची ती ताटातुटीचीं वर्षें आलीं, आणि एके रात्रीं पुतण्याच्या मुलीनें, जिला ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, अडखळत अडखळत तें पान वाचलें जेथें नवराबायको पुन्हां एका घरांत राहावयास लागतात. आत्याबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "एवढंच होतं, तर मला वाचूं द्यायला काय हरकत होती?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें आणि त्या हंसतहि होत्या.

फळीचा निकाल

श्रावणाच्या अखेरच्या रविवारीं वाचनालयाच्या ओटीवर सभा झाली. त्या दिवशीं पेन्शनरांच्या बैठकीनें आपली जागा आपण होऊन सोडली. ज्यांनीं फळीवरचें पुस्तक नेलें होतें त्यांनीं त्याविषयीं चार वाक्यें बोलावीं, भाषण करूं नये, असा नियम होता. आत्याबाईंना रिक्षांतून नेलें. त्यांनीं वर दिलेली हकीकत चार वाक्यांहून थोड्या अधिक वाक्यांत सांगितली. त्यांच्यानंतर त्यांच्याच वयाच्या दोन बायका उठल्या. एकीनें सांगितलें कीं तिचेंहि एक पुस्तक असेंच अर्धें राहिलें आहे.

फळीवरील बहुतेक सर्व पुस्तकें महिन्यांत एकदां तरी घरोघर जाऊन आलीं. 'माझें पुराण' इतक्या हातांतून गेलें कीं त्याची बांधणी सुटली. ती नवी करून देण्याचा खर्च एका सभासदानें उचलला आहे. यापुढें कोणतेंहि पुस्तक बाद करण्यापूर्वीं तें एक महिना दाराजवळच्या फळीवर मांडावें, असा ठराव मंडळानें केला. मात्र हें सांगितलें पाहिजे कीं, यादीच्या इतर विषयांतील बरींच पुस्तकें भाद्रपदांत रद्दींत गेलीं, आणि मागची भिंत अद्याप पाझरतेच आहे. ठरावानें भिंत दुरुस्त होत नाहीं. त्यासाठीं वर्गणी लागते, आणि वर्गणीदार घरोघर आहेत.

ज्यांच्या गांवीं वाचनालय आहे त्यांस आमची विनंति एवढीच कीं, ग्रंथपालांस भेटून अशी महिन्याची फळी मागून घ्यावी. विषयांस तोटा नाहीं. आषाढांत वारी घ्यावी, आणि इरावती कर्वे ह्यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) ह्या पुस्तकांतील 'वाटचाल' हा लेख तिच्यांत ठेवावा. इरावतीबाई ह्या आनंदीबाई कर्व्यांच्याच सूनबाई, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एका फळीचा धागा दुसरीला कसा जुळतो तें कळेल. कार्तिकांत जुने दिवाळी अंक काढावे. मराठींतील ही परंपरा काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजना'च्या १९०९ सालच्या अंकापासूनची आहे. पौषांत प्रवासवर्णनें मांडावीं, व त्यांत विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' विसरूं नये. सत्तावनच्या धामधुमींतून पायीं परत आलेल्या वरसईच्या ह्या भिक्षुकाची हकीकत मुलांनाहि आवडेल.

आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांस एकदां सहज विचारावें कीं, तुमचें एखादें पुस्तक अर्धें राहिलें आहे काय. उत्तर मिळालें तर तें घेऊन यावें आणि रात्रीं जेवणें झाल्यावर, जेथें तें सुटलें होतें तेथून, मोठ्यानें वाचावें. कहाणी सुफळ संपूर्ण व्हावयाची तर ती शेवटपर्यंत ऐकली जावी लागते.